उन्हाचा हिशेब

चैत्रातल्या दुपारी आमच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवला की चटका बसतो. एका बाजूला जुन्या धोतरावर आईच्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या पसरलेल्या असतात, कापड उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर विटा. दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या बसवलेल्या सहा काळ्या-निळ्या काचा. दोन्हीकडे काम एकच चाललेलं असतं, ऊन धरून ठेवायचं. कुरडईतलं ऊन आषाढात तेलात फुलतं, ते कळतं. पण त्या काचांनी धरलेलं ऊन संध्याकाळी सातला आमच्या ट्यूबलाइटमध्ये कसं येतं? आमच्याकडे बॅटरी नाही, टाकी नाही, साठवणीचा एखादा डबासुद्धा नाही. मग दुपारभर हे ऊन राहतं कुठे?

उत्तर सापडतं जिन्याखाली, मीटरच्या पेटीत. पण तिथे पोचण्याआधी काचेतच थोडं थांबायला हवं.

सूर्याच्या गाभ्यात तयार झालेल्या ऊर्जेला त्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं लागतात. एकदा बाहेर पडली की मात्र ती सव्वाआठ मिनिटांत आमच्या गच्चीवर. इतका प्रवास करून आलेला प्रकाश पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या चकतीवर आपटतो. ही चकती दोन दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ, आईच्या पापडाहून कितीतरी पातळ, आणि तिचं मूळ काय, तर गारगोटी! चकतीच्या एका थरात बोरॉनचा अंश मिसळलेला, दुसऱ्यात फॉस्फरसचा. या दोन थरांच्या सीमेवर एक अदृश्य उतार तयार होतो. प्रकाशाच्या धक्क्याने अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्या उतारावरून एकाच दिशेला घरंगळतो. असे असंख्य इलेक्ट्रॉन एका दिशेने निघाले की झाली वीज. कुठलं चाक फिरत नाही, काही जळत नाही, आवाज नाही, धूर नाही. एका चकतीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून त्यांच्या माळा ओवायच्या. इतकंच!

प्रकाशातून वीज निघते हे पहिल्यांदा दिसलं १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये, एडमंड बेकरेल या १९ वर्षांच्या मुलाला, वडिलांच्या प्रयोगशाळेत. त्यानंतर कामाला येईल असं पॅनेल व्हायला ११५ वर्षं गेली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी २५ एप्रिल १९५४ रोजी आपला सिलिकॉनचा सौरघट लोकांना दाखवला तेव्हा त्याच्यावर काय चालवलं असेल? जत्रेतल्या आकाशपाळण्याचं एक खेळणं. पडलेल्या उन्हातली जेमतेम सहा टक्के ऊर्जा त्या घटाला विजेत बदलता येत होती. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, असे घट लावलेला व्हॅनगार्ड-१ उपग्रह अवकाशात गेला. त्याचा रेडिओ कधीच थांबला, पण तो उपग्रह आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे.

म्हणजे युक्ती हाताशी आली होती. तरी आपल्या आळीतल्या गच्चीवर ती यायला आणखी साठ वर्षं का लागली? महागाई हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मला सगळ्यात विलक्षण वाटतं, कारण ते विज्ञानाच्या पुस्तकात नाहीच. ते आहे सरकारी राजपत्रात.

आता मीटरच्या पेटीपाशी या. भर दुपार आहे. घरात फ्रीज आणि दोन पंखे, एवढाच खप. वरच्या काचा मात्र जोरात आहेत. उरलेली वीज जाणार कुठे? ती मीटरमधून उलट बाहेर पडते आणि रस्त्यावरच्या तारेत शिरते. पुढे? वीज सगळ्यात जवळचा भुकेला शोधते. आमच्या गच्चीवरचं युनिट लांब कुठे जात नाही. ते शेजारच्या काकूंच्या मिक्सरमध्ये, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत, फार तर आळीच्या डीपीवरच्या, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या, दुसऱ्या एखाद्या घरात खपून जातं. काकूंची चटणी आमच्या उन्हावर वाटली जाते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

हे होण्यासाठी भिंतीवरचा इन्व्हर्टर काय करत असतो ते बघा. पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहणारी. रस्त्यावरच्या तारेतली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेणारी, आणि हा ताल साऱ्या देशात एक. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रं एका ठेक्यात नाचत असतात. आमचा डब्याएवढा इन्व्हर्टर आधी तो ठेका ऐकतो, स्वतःचे हेलकावे त्याच्याशी तंतोतंत जुळवतो आणि मगच तारेत पाऊल टाकतो. वारीत टाळ घेऊन उभा राहिलेला नवा वारकरी आधी ठेका ऐकतो आणि मग पाऊल टाकतो, तसं.

आणि लाइट गेली तर? इन्व्हर्टर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच स्वतःला बंद करून घेतो. ‘गच्चीवर सोलार असून तुमच्याकडे अंधार कसा?’ हा प्रश्न आम्हाला शंभरदा विचारला गेला आहे. त्याचं उत्तर खांबावर चढलेल्या वायरमनपाशी आहे. तार मेलेली आहे असं समजून त्याने हात लावावा आणि आमच्या गच्चीवरून त्यात वीज यावी, असं होऊ नये म्हणून हा नियम. त्या न पाहिलेल्या माणसाचा जीव सांभाळायला डब्याला शिकवून ठेवलंय, हे कळल्यापासून लाइट गेली तरी मी चिडत नाही.

आता मूळ प्रश्न. दुपारी दिलेलं संध्याकाळी परत कसं मिळतं?

लहानपणी पाहिलेलं काळं मीटर आठवतं का? काचेआड ॲल्युमिनियमची चकती गरगरायची. इस्त्री लावली की वेग वाढायचा. अशा मीटरचा मूळ आराखडा हंगेरीच्या ओटो ब्लाथी या इंजिनिअरने १८८९ मध्ये केला. त्याच्या मनात विजेचं माप घेण्यापलीकडे काही नसणार. पण त्या चकतीत एक गुण दडलेला होता. वीज उलट वाहिली, तर चकतीही उलट फिरते. आकडे कमी होतात! अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९७९ च्या सुमारास पहिल्या सौरघरांत नेमकं हेच होऊ लागलं. दुपारी मीटर मागे, रात्री पुढे. महिन्याच्या शेवटी जो फरक उरेल त्याचं बिल. कोणी मुद्दाम शोधून न काढलेली ही पद्धत मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये कायद्यात लिहिली. तिलाच आपण आज नेट मीटरिंग म्हणतो.

आकड्यांत बघू. समजा तुमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचे पॅनेल आहेत. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिटं, म्हणजे महिन्याला ३६०. त्यातली ९० दिवसा घरातच वापरली, २७० बाहेर गेली. रात्री तुम्ही २१० युनिटं तारेतून घेतली. हिशेबात ६० तुमच्या नावावर जमा, पुढच्या महिन्याला. आषाढात ढग दाटले की ती कामाला येतात आणि ३१ मार्चला वर्षाचं खातं बंद होतं. दुपारचं ऊन कुठे साठलं? कुठेच नाही. साठला तो हिशेब. शेजारणीला दिलेली वाटीभर साखर तीच परत येत नाही, पण वाटी मात्र भरून येते.

या वाटीचा नियम कोण ठरवतं? राज्य. विजेचा विषय आपल्या राज्यघटनेत केंद्र आणि राज्य दोघांच्या समाईक सूचीत आहे, आणि राज्यातल्या विजेचे दर आणि नेट मीटरिंगचे नियम ठरवतो त्या-त्या राज्याचा वीज नियामक आयोग. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले. त्याआधीही ऊन हेच होतं, गच्ची हीच होती. फक्त कागद नव्हता.

कागदाची ताकद किती असते हे पाहायचं तर जर्मनीकडे बघा. तिकडचं ऊन आपल्यापुढे अगदीच कोमट. एका किलोवॉटमागे त्यांना वर्षाला हजारेक युनिटं मिळतात, आपल्याला चौदाशेच्या आसपास. पण त्यांनी १९९० मध्ये एक छोटासा कायदा केला, की कोणी सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून वीज केली तर वीज कंपनीने ती घेतलीच पाहिजे, ठरलेल्या दराने. २००० मध्ये त्याला आणखी बळ दिलं आणि २० वर्षं दराची हमी दिली. हमी मिळाल्यावर शेतकऱ्यांनी गोठ्यांवर, शिक्षकांनी घरांवर, गावांनी शाळांवर पॅनेल चढवले. मागणी वाढली तसे कारखाने वाढले, आधी तिथे आणि मग चीनमध्ये. जगात जेवढे पॅनेल बसलेत ते दुप्पट झाले की किंमत सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरते, असा या धंद्याचा अनेक दशकांचा अनुभव. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलची किंमत जवळपास ९० टक्क्यांनी खाली आली. जर्मन घरांनी आपल्या वीजबिलातून जास्तीचे पैसे भरले आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गच्चीला पॅनेल परवडू लागले. या अनोळखी लोकांचे आपल्यावर केवढे उपकार आहेत!

आणि कागद फिरला तर काय होतं? अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात वाळवंटाचं ऊन आहे. २०१५ च्या डिसेंबरात तिथल्या आयोगाने परत मिळणारी वाटी लहान केली, आणि तीही नव्या लोकांपुरती नव्हे, आधीच पॅनेल बसवून बसलेल्यांचीसुद्धा. मोठमोठ्या सौर कंपन्यांनी राज्यातलं काम थांबवलं. शेवटी २०१७ मध्ये विधिमंडळाला नवा कायदा करून गाडी रुळावर आणावी लागली. मधल्या काळात सूर्य रोज तसाच उगवत होता.

वीज कंपनीची बाजू मात्र ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट यांची किंमत सारखी नसते. दुपारी उन्हामुळे वीज मुबलक होत चालली आहे, आणि संध्याकाळी सूर्य मावळत असतानाच सगळे एकदम दिवे लावतात. तारा, खांब, डीपी सांभाळायलाही पैसा लागतो. म्हणून पुढे नियम बदलतील, बॅटरीला उत्तेजन द्यावं लागेल, वॉशिंग मशीन आणि गीझर दुपारी लावण्याची सवय आपल्याला करावी लागेल. ते मला मान्य आहे. पण ज्याने कर्ज काढून २५ वर्षांच्या भरवशावर पॅनेल बसवले, त्याचा हिशेब मध्येच बदलू नये. नवे नियम नव्यांसाठी. राज्याने दिलेला शब्द हाही त्या यंत्राचाच एक भाग आहे, सिलिकॉनइतकाच.

गच्चीचं झालं. पण महाराष्ट्रात उन्हाचा खरा चमत्कार गच्चीवर नाही, रानात घडतो आहे.

जुन्नरकडे माझ्या मामाचं दीड एकर रान. पंपाची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मी लहान असताना एकदा पौषात त्याच्याबरोबर दारं धरायला गेलो होतो. रात्री बाराला लाइट येणार. मामा कानटोपी घालून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात खोरं घेऊन पुढे, मी मागे. पाणी गुडघ्याखाली बर्फासारखं. एक सरी भरली की खोऱ्याने बांध फोडायचा, दुसऱ्या सरीत पाणी वळवायचं. मध्ये मामा थांबला, टॉर्च उसाच्या फडावर फिरवला आणि हळूच म्हणाला, “बोलत राहा रे, काहीबाही बोलत राहा.” बिबट्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून. मी पाढे म्हणत राहिलो.

ही पाळी रात्रीची का असायची? कोळशावरचं वीजकेंद्र रात्री चटकन विझवता येत नाही. दिवसा शहरं आणि कारखाने वीज ओढतात, रात्री ती उरते. उरलेली पंपांना. राज्यात सुमारे ४५ लाख कृषिपंप. त्यांचं वेळापत्रक बॉयलरच्या सोयीने लागलेलं होतं.

आता गंमत बघा. पंपाला वीज कधी लागते? पीक तहानलेलं असताना, म्हणजे ऊन असताना. सूर्य वीज कधी देतो? ऊन असताना! आणि पंपाला बॅटरीही नको. पाणी वर आलं, रान भिजलं, की ऊर्जा जमिनीतच साठली. जी ऊर्जा साठवणं ही सगळ्यात महागडी अडचण, तिच्यासाठी काळ्या मातीने फुकट कोठार तयार ठेवलेलं होतं.

राज्याने २०१७ मध्ये हेच हेरून मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना काढली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे सुरुवात झाली. कल्पना इतकी सोपी, की आधी कशी सुचली नाही असं वाटावं. गावाजवळच्या उपकेंद्रालगत, काही किलोमीटरच्या आत, पडीक जमिनीवर पॅनेल मांडायचे. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर पुरतात. वीज थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर, सोडायची. पंप तेच, तारा त्याच, मीटर तेच. शेतकऱ्याला काही विकत घ्यायचं नाही. त्याला फक्त दिवसा पाणी मिळतं.

याची तुलना करा. चंद्रपूरच्या कोळशाची वीज मुंबईजवळ आणायला चंद्रपूर ते पडघा अशी ७५२ किलोमीटरची खास उच्चदाबाची वाहिनी उभारावी लागली. तीही अभियांत्रिकीचं आश्चर्यच आहे, त्यात वाद नाही. पण तारेतून जाणारी वीज वाटेत तार तापवते आणि ती झीज प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट, तर झीज चौपट. शेतीच्या विजेचा खर्च अशा लांबच्या वाटांनीही वाढतो. बांधापलीकडून येणाऱ्या विजेला वाटखर्च असा किती?

२०२३ मध्ये योजनेचा दुसरा अवतार आला. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प, तिला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख. अशा प्रकल्पांतली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. शेतीच्या पंपापर्यंत नेहमीच्या वाटेने एक युनिट पोचवायला येणारा खर्च याच्या दुपटीहून जास्त. मधला फरक कोण भरत होतं? कारखाने, दुकानं आणि शहरातले आपण, चढ्या दराने. म्हणजे वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात ३ मेगावॉटचे पॅनेल उभे राहिले, तर त्याचा हलकासा परिणाम पुण्यातल्या बिलावरही व्हायला हवा. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी तर २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, शंभरेक घरांची वाडी, आपल्या छपरांवर आपली वीज करणारी.

राहिलं कोण? फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांची गच्ची सामाईक, वाटा कसा करायचा? दिल्लीने २०१९ मध्ये त्यासाठी नियम केला. पॅनेल एका जागी असोत, युनिटं ठरलेल्या हिश्श्याने वेगवेगळ्या बिलांत जमा होतात. भाड्याने राहणाऱ्याला, चाळीत राहणाऱ्यालाही सूर्याचा वाटा मिळू शकतो. ही सोय आपल्या राज्यातल्या प्रत्येक सोसायटीला, कुठलाही अर्ज न अडकता, सहज मिळाली पाहिजे. डीपी कमी क्षमतेचा म्हणून अर्ज परत जात असेल, तर डीपी मोठा झाला पाहिजे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे, पण अनुदानाइतकंच महत्त्व मीटर वेळेवर बसण्याला आहे.

हे सांगायचं कोणाला? इथे मला या सगळ्या यंत्रणेतलं शेवटचं आश्चर्य सापडलं. २००३ च्या वीज कायद्याच्या ६४व्या कलमानुसार, लोकांकडून आलेल्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला दराचा आदेश काढता येत नाही. कोणाच्याही सूचना. तुमच्या, माझ्या, मामाच्या. २०१९ मध्ये महाराष्ट्रात नेट मीटरिंग आक्रसून टाकणारा मसुदा आला होता. लोकांनी लिहिलं, सुनावणीला जाऊन बोलले, आणि वर्षअखेरच्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकलं. माझ्या गच्चीवरची ती वाटी तेव्हा कोणा अनोळखी माणसांनी वाचवली.

आयोगाची पुढची जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत येईल. ती कापून ठेवा. तुमच्या सोसायटीचं, तुमच्या फीडरचं, तुमच्या मीटरचं काय ते चार ओळींत लिहा आणि मुदतीच्या आत पाठवा. पत्र मराठीत चालतं.